मनगटावरचा रंग

परीक्षक तयार मेकअप तपासायला यायला वीस मिनिटं उरली होती आणि माझी मॉडेल फोन उचलत नव्हती. मेकअपच्या कोर्सला मी एकदा नापास झालेले, तिसऱ्यांदा बसू देत नाहीत. सर्टिफिकेट नाही तर पार्लरमधली नोकरी नाही, असं मालकीणबाईंनी तोंडावर सांगितलं होतं.

"मी बसू का?" सासूबाई म्हणाल्या. त्या नुसत्या सामान सांभाळायला आल्या होत्या.

वर्षभर माझ्या कोर्सला 'रंगरंगोटी' म्हणून नाक मुरडणारी ही बाई! स्वतः चांगल्याच काळ्यासावळ्या, पण सून गोरीच हवी म्हणून हटून बसलेल्या. गुलाबी-पांढरी पावडर थापल्याशिवाय दूध आणायलाही बाहेर पडायच्या नाहीत. मी म्हटलं, "आई, आधी तोंड धुवावं लागेल." त्या क्षणभर घुटमळल्या, मग धुऊन आल्या. लग्नाला सहा वर्षं झाली, तो चेहरा मी पहिल्यांदाच नीट बघत होते.

खालचा थर, म्हणजे बेस, बरा जमला. मग उजेड आणणारा मोतिया हायलायटर सवयीप्रमाणे माझ्या मनगटावर लावून पाहिला. छान चमकला, म्हणून त्यांच्या गालाच्या उंचवट्यावर फिरवला.

राख फासल्यासारखा दिसला. आता बाराच मिनिटं उरली होती.

त्यांनी आरशात पाहिलं. "रोजच्यासारखंच दिसतंय की," त्या हळूच म्हणाल्या.

मला लाज वाटली. चेहरा त्यांचा आणि रंग मी माझ्या हातावर बघत बसले होते. कापसानं सगळं पुसलं. पेटीत दुसरा हायलायटर नव्हता. गालाखाली सावली द्यायचा तांबूस चमकीचा ब्राँझर होता, माझ्या मनगटावर तो मातकट दिसायचा. या वेळी तो सरळ त्यांच्या जबड्याशी लावून पाहिला. तिथे तो उजळला. तोच गालांवर, नाकाच्या शेंड्यावर घेतला. ब्राँझरच्या जागी सावलीसाठी पापण्यांवर लावायची कॉफी रंगाची, बिनचमकीची पावडर लावली.

परीक्षक मॅडमनी पेटी पाहिली. "हायलायटर कुठाय?"

"हाच, मॅडम."

"यावर ब्राँझर लिहिलंय."

"माझ्या गालावर तो ब्राँझर. यांच्या गालावर हाच उजेड देतो."

त्या सासूबाईंना खिडकीपाशी घेऊन गेल्या. हनुवटी धरून चेहरा इकडे वळवला, तिकडे वळवला. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले होते. मग मॅडमचं लक्ष त्या पांढरट कापसाकडे गेलं. "आणि हे काय?"

खोटं बोलायचं मनात आलं होतं. "आधी मोतिया लावला होता. माझ्या मनगटावर बघून. चुकलं माझं."

कागदावर पेन बराच वेळ चाललं. "पुन्हा स्वतःच्या मनगटावर रंग बघू नका," एवढंच म्हणून मॅडमनी कागद पुढे केला. पास होते. मी पेटी आवरायला घेतली. सासूबाई मात्र अजून खिडकीपाशीच होत्या, काचेत बघत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दूध आणायला निघाल्या, तोंड नुसतं धुतलेलं. दारातून परत वळल्या आणि त्यांची पावडरची डबी माझ्या हातात ठेवली.

"तू लाव," म्हणाल्या. "तुझ्याच रंगाची आहे."