रंभाबाईची शिफ्ट

सरकारनं लोकांना काम लावून द्यायचं काम एका खाजगी कंपनीला दिलं. त्या कंपनीतल्या वैजयंतीनं दापोऱ्याच्या रंभाबाईला बुऱ्हाणपुरात मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला लावलं. नवरा गेल्यापासून केळीच्या बागेत मिळेल तेव्हा मजुरी करणाऱ्या रंभाबाईला आता दर महिन्याला पगार मिळणार होता.

पण वसतिगृहात सकाळचा नाश्ता गावातून पहिली बस सुटायच्या आधीच लागायचा. रंभाबाई दूधवाल्याच्या टेम्पोतून जायची. दूधवाल्यानं टेम्पो विकला आणि तिचं जाणंच थांबलं. त्यात शेजारचा मोतीलाल म्हणाला, "सरकारनं दिलेलं काम सोडलं की रेशन बंद होतं, भाभी."

त्या दिवसापासून तिच्या जिवाला चैन नव्हतं. वैजयंती घर शोधत आली, तेव्हा ती मागच्या गोठ्यात जाऊन बसली. बराच वेळ हाका आल्या, मग थांबल्या. तिनं डोकावून पाहिलं, तर पोरगी उन्हात ओट्यावर बसलेली. रंभाबाईला ते बघवेना. पाण्याचा तांब्या घेऊन ती बाहेर आली.

"ताई, माझं रेशन बंद करू नका. मी चालत येईन."

"रेशन?" वैजयंती तांब्या धरून तशीच राहिली. "काकू, रेशनचा आणि आमचा काही संबंधच नाही. कोणी सांगितलं तुम्हाला?"

"मग तुम्ही कशाला आल्या?"

"खरं सांगू? तुम्ही कामावर टिकला तरच कंपनीला पैसे मिळतात. साहेब म्हणाले, छोड दो, दुसरी बाई लाव. पण मला जाणून घ्यायचं होतं, तुम्हाला परेशानी काय झाली."

"पहाटे गाडीच नाही, माय."

"बस, एवढंच?"

वैजयंतीनं तिथूनच वसतिगृहाच्या मालतीताईंना फोन लावला. रंभाबाई तिच्या तोंडाकडे पाहत उभी राहिली. पोरगी आधी नुसती हं हं करत होती, मग हसली.

"संध्याकाळच्या स्वयंपाकाला माणूस हवाच आहे त्यांना. सोमवारपासून दुपारच्या बसनं या. शेवटच्या बसच्या आत सोडतील. पगार तोच."

रंभाबाई ओट्यावर तिच्याजवळ बसली. तिला हसू येत होतं आणि डोळेही पुसावे लागत होते.

"आता जेवल्याशिवाय जायचं नाही," ती म्हणाली आणि चूल पेटवायला उठली.

सोमवारी बसमध्ये तिला खिडकीजवळची जागा मिळाली. कितीतरी दिवसांनी तिला अशी गाढ झोप लागली, की बुऱ्हाणपूर आल्यावर कंडक्टरला येऊन उठवावं लागलं.