हिरवी चटई

माझी धाकटी बहीण म्हणते, "आपत्ती व्यवस्थापन, आणि तेही पोस्टाने? उद्या पोस्टाने पोहायलाही शिकशील!" म्हणू दे. मी तिचं बोलणं मनावर घेत नाही. खरं तर हल्ली मी काहीच मनावर घेत नाही, आणि सगळं बिनसलंय ते त्यामुळेच.

मी फायर ब्रिगेडच्या कंट्रोल रूममध्ये फोन घेते. आग, अपघात, अॅम्ब्युलन्स, झाडावर अडकलेलं मांजर, सगळं आधी माझ्या कानात येतं. लोक ओरडतात, रडतात, शिव्या घालतात. आपण आवाज चढवायचा नाही. आधी पत्ता विचारायचा. पत्ताच नसेल तर गाडी काय आभाळात पाठवायची? वरच्या जागेसाठी पदव्युत्तर पदविका लागते असं निघालं, म्हणून दूरशिक्षणाला नाव घातलं. पुस्तकं घरी येतात, स्वाध्याय लिहून पाठवायचे आणि शेवटी अभ्यासकेंद्राच्या मैदानावर प्रात्यक्षिक.

नाव घातलं तेव्हा नवरा होता. "तू आधीच मला आपत्तीसारखं वागवतेस, आता सर्टिफिकेट घेऊन वागव," असं म्हणून हसला होता. मग एका दुपारी जेवता जेवता तो खुर्चीवरून खाली पडला. घरात फक्त लेक होती, आठवीतली. तिने घाबरून नंबर फिरवला तो कंट्रोल रूमचा, आणि फोन उचलला मी.

"बाबा पडलेत, बाबा बोलत नाहीयेत!" ती किंचाळत होती. पहिल्याच शब्दाला मी तिचा आवाज ओळखला. तरी माझ्या तोंडून निघालं, "पत्ता सांगा."

तिने सांगितला. रस्ता, इमारत, मजला, सगळं. मी गाडी सोडली. छातीवर दाब कसा द्यायचा ते तिला फोनवर सांगत राहिले, गाडी पोचेपर्यंत. नंतर साहेबांनी रेकॉर्डिंग ऐकलं आणि म्हणाले, एकही चूक नाही. नवरा मात्र वाचला नाही.

त्यानंतर मी रडले नाही. रडायचं नाही असं काही ठरवलं नव्हतं, आलंच नाही. दाताचं इंजेक्शन दिल्यावर गाल कसा आपला वाटत नाही, तशी मी अख्खी झाले होते. नातेवाईक आले, गेले. मी चहा केला, त्याचं कपाट आवरलं, कामावर रुजू झाले. पुस्तकात एक धडा होता, मदत करणाऱ्यांवर येणारा ताण. लक्षणं लिहा, असा प्रश्न. झोप मोडणं, चिडचिड, भावना बोथट होणं, असं सगळं छान अक्षरात लिहून पाठवलं. तपासणाऱ्याने शेरा मारला, 'मुद्देसूद'.

लेक मात्र रडायची. दार लावून रडायची, दार उघडून रडायची, ताटावर बसली की रडायची. मी "रड, मोकळी हो" म्हणायचे आणि पुस्तकाचं पान उलटायचे. शेवटी एक दिवस ती म्हणाली, "आई, तू मला पत्ता विचारलास. आपल्याच घराचा."

"तू घरातूनच बोलतेयस हे मला कसं कळणार? विचारायचा नियम आहे."

उत्तर अगदी बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी ती मावशीकडे, माझ्या त्या बहिणीकडे, राहायला गेली.

सुट्टी संपत आली. मावशीच्या घराजवळच्या शाळेत तिचं नाव घालायचं की नाही, हे सोमवारपर्यंत कळवायचं होतं. एकदा तिथे नाव घातलं की संपलं, मग मुलगी तिकडचीच. बहीण फोनवर भडकली. "अगं बाई, तोंड उघड! तिला एकदा नुसतं 'घरी ये' म्हण."

"तिला यायचं असेल तर येईल की."

"आणि तुला काय वाटतं?"

मी खरोखर शोधून पाहिलं. काही हाताला लागलं नाही. तसं सांगितलं, तर तिने फोन आपटला.

प्रात्यक्षिक आलं रविवारी. स्टेज कोसळलंय असं समजायचं. जखमी व्हायला माणसं कमी पडत होती, म्हणून केंद्राने कळवलं होतं की घरच्यांना आणा. मी कुणाला आणणार? पण बहीण माझ्यापेक्षा हट्टी. ती लेकीला घेऊन हजर. लेकीने माझ्याकडे पाहिलंही नाही. तिच्या गळ्यात कार्ड अडकवलं होतं, 'हात मोडला आहे. खूप रडते.'

काम सोपं. ज्यांना चालता येतं त्यांना हिरव्या चटईवर पाठवायचं, ते थांबू शकतात. उरलेल्यांचा श्वास बघायचा, नाडी बघायची, रंगाची फीत बांधायची आणि पुढच्याकडे जायचं. समजूत घालत बसायचं नाही. परीक्षकांनी शिट्टी वाजवली आणि मैदानभर बोंबाबोंब सुरू झाली. लेक थेट माझ्याकडे आली.

"आई, माझा हात."

"चालता येतंय ना? हिरव्या चटईवर जा."

तोच आवाज. मला ऐकू आला, तिलाही आला. ती चटईवर जाऊन बसली आणि रडायला लागली. "काय अॅक्टिंग करते पोरगी!" कुणीतरी कौतुकाने म्हणालं. मी पुढे सरकले. आमच्या वर्गातला बस ड्रायव्हर बाकाखाली आडवा पडला होता. "ताई, मेलेल्याची काळी फीत नको हं, बायको उगाच खूश होईल," तो पुटपुटला. मी त्याला लाल बांधली, आधी हलवायच्या जखमींची. परीक्षक मागून चालत होते. "शाब्बास बाई! असं थंड डोकं पाहिजे."

आता एकच माणूस राहिला होता, लष्करातून निवृत्त झालेले एक काका. मी त्यांच्याजवळ गुडघ्यावर बसले आणि लेकीचं रडणं थांबलं.

मी कानावर पोट भरणारी बाई आहे. फोनवर ओरडणाऱ्या माणसाची मला भीती नसते, ओरडतोय म्हणजे तो जिवंत आहे. ओरडता ओरडता माणूस गप्प झाला की मात्र मी खुर्चीतून उठते. तशी आत्ता उठले. भीती वाटत होती मला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला काहीतरी वाटत होतं आणि ते इतकं वाईट होतं की मी धावतच सुटले.

"अहो, माझं काय?" काका जमिनीवरून ओरडले.

लेक गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. मी समोर बसले. "काय झालं? गप्प का झालीस?"

"काही नाही," ती मान वर न करता म्हणाली. "कंटाळा आला. माझा नंबर येतच नाही."

"मला वाटायचं, तू रडतेयस म्हणजे तू ठीक आहेस."

"मी ठीक नाहीये, आई."

"मीपण नाहीये गं," मी म्हटलं, आणि आवाज फुटला. तो माझा कामाचा आवाज नव्हता. "घरी ये. मला त्या घरात एकटीला भीती वाटते."

परीक्षक कागद घेऊन आले. "बाई, तुमचा एक जखमी राहिलाय. असं सोडून आलात तर मी पास करू शकत नाही."

"नका करू."

लेकीने डोकं वर काढलं.

"माझे कपडे मावशीच्या गाडीत आहेत," ती म्हणाली. "सगळे. सकाळीच भरून आणलेत. म्हटलं, तू बोलावलंस तर असावेत."