आटुंड्यांची टाकी

मित्रांनो, मी काचेची एक जुनी टाकी आहे. माझ्या उजव्या कोपऱ्याला तडा गेला आहे, म्हणून माझ्यात पाणी ठरत नाही. सध्या माझ्यात कालवणात घालायची आमसुलं भरलेली असतात आणि चुलीवरच्या फळीवर मी धूर खात बसलेली असते. माझी कीव मुळीच करू नका. कीव करण्यासारखा माणूस बाहेरच्या खोलीत खाटेवर पडून आहे.

केरळातल्या चेंगन्नूरच्या एका काचवाल्याने मला उरल्यासुरल्या काचा चिकटवून बनवलं. या घरचा मुलगा शिजो कुवेतहून पहिल्यांदा सुट्टीवर आला, तेव्हा मला विकत घेऊन घरी आला. पंपा नदी घरापासून तीस पावलांवर, आणि या बाबाला मासे बघायला काच हवी! त्याने माझ्यात सोनेरी मासे सोडले. ते महिन्याभरात मेले, शिजो परत गेला आणि मी व्हरांड्यात छत्र्या आणि रद्दी सांभाळत बसले.

शिजोचा बाप कोराच्चन चाळीस वर्षं नदीवर जाळं टाकत होता. माणूस मनाने चांगला, पण तोंड म्हणजे फाटकं पोतं. त्याच्या सगळ्यात जास्त शिव्या कोणी खाल्ल्या असतील तर आटुंड्यांनी. आटुंडा म्हणजे बोटाच्या पेराएवढा मासा, पिवळसर, अंगावर काळे ठिपके, नदीतली गोळीच. खाण्यात ना विकण्यात, पण चावरा. जाळ्याचा धागा कुरतडतो. जाळ्यात आला की कोराच्चन त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून त्याला भिरकावून देई.

मग एका सकाळी होडी बांधता बांधता कोराच्चन चिखलात कोसळला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. ज्या माणसाचं बोलणं पलीकडच्या काठाला ऐकू जायचं, तो खिडकीपाशी खाटेवर नुसता डोळे उघडे ठेवून पडून राहिला. त्याची बायको अलेयाम्मा भात भरवी, अंग पुसे आणि स्वयंपाकघरात जाऊन रडे.

त्याचा होडीतला जोडीदार वावच्चन एकदा मडक्यात पाच आटुंडे घेऊन आला.

"हे घे, तुझे वैरी आणलेत!" तो म्हणाला. "आता शिव्या दे बघू. देतोस का नाही?"

कोराच्चनच्या तोंडाचा डावा कोपरा हलला. दोन महिन्यांत पहिल्यांदा. अलेयाम्माने त्याच दुपारी माझ्यातल्या छत्र्या काढल्या, मला नुसत्या पाण्याने धुतलं आणि खाटेशेजारी मांडलं. वावच्चनने नदीतली वाळू, गवत आणि चिमूटभर गोगलगायी आणून घातल्या, कारण आटुंडा मेलेलं, वाळलेलं काही तोंडात घेत नाही. पाणीही नदीचंच. दर शनिवारी अलेयाम्मा दोन घागरी आणी, रात्रभर ठेवी आणि मगच माझ्यातलं थोडं जुनं काढून तेवढंच नवं घाली. माझ्या काचेला हिरवट शेवाळ धरलं, गोगलगायींनी अंडी घातली आणि आटुंडे सुखाने नांदले.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातली ती दोन वर्षं चांगली गेली, हे मी कबूल करते. आटुंड्याचे दोन डोळे दोन दिशांना फिरतात. एक गोगलगायीवर, दुसरा कोराच्चनवर. तो डावा हात काचेला लावी, की पाचही जण त्या बोटांशी गोळा होत. त्यातला एक दांडगट होता, बाकीच्यांच्या शेपट्या ओढायचा. त्याला बघून कोराच्चन घशातून हसायचा. आणि एका दुपारी, अलेयाम्मा पेज घेऊन आली तर तो स्पष्ट बोलला, "उंडा."

अलेयाम्माच्या हातून पेज सांडली. "अगं बाई! बोलले! अहो, पुन्हा म्हणा!"

"उंडा."

तेवढा एकच शब्द परत आला. मग पाणी हवं तरी उंडा, कूस बदलायची तरी उंडा, बायकोला हाक मारायची तरी उंडा. अलेयाम्माला सगळं कळायचं. "मला काय म्हणताय, माशांना काय म्हणताय, एवढं कळतं हो मला," असं म्हणून ती लाजायची. डॉक्टर म्हणाले, एक आलाय, आता हळूहळू आणखी येतील. सगळं घर दुसऱ्या शब्दाची वाट बघत होतं. मीसुद्धा.

तेवढ्यात शिजोचं लग्न ठरायला आलं. तो सुट्टीवर आला आणि मुलीकडची माणसं घर बघायला यायचा दिवस ठरला. शिजो वाईट मुलगा नाही. पैसे पाठवतो, बापाच्या पाया पडतो. पण घरात पाऊल टाकल्या टाकल्या त्याने माझ्याकडे बघून नाक मुरडलं. "अम्मच्ची, हे काय गटार करून ठेवलंय?"

"गटार नव्हे बाळा. त्यांना असंच लागतं."

"त्यांना लागत असेल. लोक काय म्हणतील?"

त्या दिवसांत गावात काविळीची साथ होती. पाहुणे यायच्या सकाळीच आरोग्य केंद्राची ओमना बादलीत ब्लीचिंग पावडर कालवून घेऊन आली आणि विहिरीत ओतून गेली. जाताना ओरडली, "अलेयाम्मा चेच्ची, उद्यापर्यंत विहिरीचं पाणी पिऊ नका हं!" अलेयाम्माने शिजोलाही बजावलं, "आज ते पाणी प्यायचं नाही," आणि ती मागच्या स्वयंपाकघरात मासे तळायला गेली. कोराच्चनने मात्र खिडकीतून सगळं बघितलं. त्याला दुसरं कामच काय होतं?

शिजोने बाही वर केली. आटुंडे गाळणीने मगात काढले. माझी वाळू, गवत, गोगलगायी सगळं केळीच्या बुडाशी टाकलं. काच घासून घासून लख्ख केली आणि पोहरा घेऊन विहिरीवर गेला. पिऊ नका म्हणाली होती, माशांना घालू नका असं कुठे म्हणाली होती? पावडरचा वास येत होता, पण फरशी नुकतीच फिनेलने पुसलेली होती. त्यात तो वास खपून गेला.

पहिली बादली खोलीत आली तशी कोराच्चनने खाट हलवली. "उंडा!"

"हो अप्पच्चा, तुमच्या उंड्यांसाठीच चाललंय सगळं."

"उंडा! उंडा!" डावा हात विहिरीकडे, मग माझ्याकडे, पुन्हा विहिरीकडे. घामाने थबथबला. सगळं त्याला ठाऊक होतं, आणि सांगायला शब्द एकच होता.

"तहान लागलीय का? थांबा, हे झालं की देतो." आणि शिजोने पाचही आटुंडे माझ्यात सोडले.

तेवढ्यात गाडी आली. पाहुणे आत आले. मुलीचा बाप म्हणाला, "वा, काय स्वच्छ टाकी आहे! पाणी आहे की नाही तेच कळत नाही." आटुंडे तोवर वर येऊन तोंडं उघडत होते. मग एकेक करून फुगले, पांढरी पोटं वर आली. आटुंडा मरणाला भिऊन फुगतो, मित्रांनो. मुलीच्या धाकट्या भावंडांनी टाळ्या पिटल्या. "फुगा! फुगा झाला बघा!" सगळे हसले आणि कोणीतरी म्हणालं, इथेच उभे राहा, फोटो काढू.

फोटो निघाला. लगेच कोराच्चनने उशाजवळचं स्टीलचं भांडं उचललं आणि माझ्यावर फेकलं. तो तडा हाच. त्याने मला फोडायलाच ते भांडं फेकलं होतं, आणि मी फुटले नाही. नको तेव्हा मजबूत निघाले मी. पाणी थेंब थेंब गळत राहिलं.

"अप्पच्चा!" शिजो दातओठ खात पुटपुटला. "चारचौघांत लाज काढता?"

आवाज ऐकून अलेयाम्मा धावत आली. तिने माझ्यावर वाकून वास घेतला. "पाणी कुठलं घातलंस?"

"विहिरीचं. का?"

ती खाली बसली. पाहुण्यांसाठी आलेला वावच्चन नदीचं पाणी आणायला पळत गेला, तीस पावलं गेला, तीस पावलं आला. काही उपयोग झाला नाही.

शिजो त्या रात्री बापाच्या पायाशी बसून रडला, हे खरं. दुसऱ्या दिवशी शहरातून रंगीत मासे पिशवीत घेऊन आला, हेही खरं. कोराच्चनने भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यानंतर तो "उंडा" म्हणाला नाही, आणि दुसरंही काही म्हणाला नाही. याला चार वर्षं झाली. वावच्चनने पुन्हा मडकं भरून आटुंडे आणले होते, अलेयाम्माने ते उंबऱ्यावरूनच परत नेऊन नदीत सोडायला लावले. आता ओमना पावडर टाकून गेली की अलेयाम्मा आधी खाटेशी जाते आणि सांगते, "अहो, आज टाकलीय बरं का." तो ऐकतो की नाही, तिला कळत नाही.

मित्रांनो, मुक्या जिवांना जपा, असं सांगून मी मोकळी झाले असते. पण शिजोने जपलंच होतं की, आपल्या परीने, घासूनपुसून. म्हणून एवढंच सांगते: ज्याला बोलता येत नाही तो जीव तोडून काही दाखवत असेल, तर हातातलं काम खाली ठेवा आणि तो दाखवतोय तिकडे जाऊन बघून या.

तो फोटो मोठा करून बाहेरच्या खोलीत लावला आहे. मध्ये मी, लखलखीत, माझ्यात पाच पांढरे गोळे. भोवती सगळी हसरी माणसं. मागे खाटेवर कोराच्चन, डावा हात वर केलेला. येणारे जाणारे बघतात आणि म्हणतात, "बघा, अंथरुणावरूनसुद्धा म्हातारा लेकाला आशीर्वाद देतोय."