नवऱ्याच्या जागी बसलेली कट्यार

हे मी सांगणारच नव्हते. सांगायचं कोणाला? तुम्हाला? तुम्ही भाजी चिरायची सुरीसुद्धा धड पुसून ठेवत नाही. पण माझ्या चंदनी म्यानाने फारच भुणभुण लावली, म्हणून सांगते.

मित्रांनो, मी एक जुनी क्रिस आहे. आमच्या जावा बेटावर नागमोडी पात्याच्या कट्यारीला क्रिस म्हणतात. लोहाराने उपास धरून मला घडवलं. लिंबू आणि सोमल चोळून काळी केली. पात्यावर वाहत्या पाण्यासारखी नक्षी उठली. लोक बघायला यायचे, माना डोलवायचे. कळत एकालाही नव्हतं.

माझ्या पहिल्या मालकाने पाटाच्या पाण्यावरून शेजारच्या सरदाराला मारलं, ते माझ्याच पात्याने. त्या झटापटीत माझ्या मुठीचा कोपरा उडाला. मेलेल्याच्या मुलीने, लारसने, शपथ घेतली की माझ्या मालकाचा मुलगा मरेपर्यंत अंबाड्यात मोगरा माळणार नाही. मालक पुढे तापाने मेला. एवढा मोठा लढवय्या, आणि तापाने! मी त्याच्या मुलाकडे, वीरुनकडे आले.

मग सुलतानाने फर्मावलं, दोन घरांनी सोयरीक करून भांडण मिटवा. लारस लगेच हो म्हणाली. सगळे खूश. मूर्ख. ती हो का म्हणाली, हे तिला वाढवणाऱ्या म्हाताऱ्या सेमीला तेवढं कळलं होतं.

लग्नाच्या दिवशी वीरुन दरबारात अडकला. अशा वेळी आमच्याकडे नवऱ्याच्या जागी त्याची क्रिस बसते. बसले मी, रेशमी उशीवर. लारसने माझी तुटकी मूठ ओळखली.

"मेल्याने खिजवायला पाठवलीय," ती सेमीच्या कानात म्हणाली. "बरं झालं. शोधत बसायला नको."

नंतर ती रोज मला तेल लावायची आणि त्याला शिव्या घालायची. बायकोला लोखंडाच्या भरवशावर सोडणारा भित्रा म्हणायची. मला पटायचं. बाई कामाची वाटली.

आमची आणखी एक रीत आहे. असा नवरा परत आला की बायकोने त्याची क्रिस स्वतःच्या हाताने त्याच्या कमरपट्ट्यात, पाठीमागे खोचायची. मगच तो उंबरा ओलांडतो. म्हणजे तो पाठमोरा, आणि मी तिच्या हातात. यापेक्षा सोपं काय असतं?

वीरुन भर दुपारी आला. पायी, रिकाम्या हाताने. अंगणात पाठ करून उभा राहिला. लारसने मला म्यानातून उपसलं. सेमीने डोळे मिटले. किती वर्षांनी ऊन लागलं मला.

"हीच का पाठवलीस?" लारसने विचारलं. "घरात दुसऱ्या नव्हत्या?"

"होत्या की."

"मग?"

"माझ्या बापाने चूक कधी कबूल केली नाही. मी करतोय. हात तुझा, पाठ माझी."

"पाय लटपटतायत तुझे."

"घाबरलोय ना."

तो वळला नाही. पळालाही नाही. माझं टोक त्याच्या पाठीला टेकलेलं. आणि या बाईने काय करावं? मला म्यानात घातलं!

"कमरपट्टा बघ कसला बांधलाय," ती म्हणाली. आवाज ओला होता. "असल्यात ही राहील का? सरळ उभा राहा."

एवढ्या वर्षांचा सूड, आणि बाई पट्टा आवळत बसली. मला शिसारी आली.

पुढे रोज सकाळी तेच. तो ढिला पट्टा घेऊन यायचा, ती बोल लावत आवळायची. एकदा मी पाहिलं, त्याने पट्टा छान घट्ट बांधला आणि तिची चाहूल लागताच स्वतःच सैल केला. अजागळ! त्यानंतर काही दिवसांनी ती मोगरा माळून आली. तो वेडा बघतच राहिला.

दोघंही गेले. आता मी खुंटीला आहे. वर्षातून एकदा, सुरो महिन्यात, मला लिंबाने धुवायची रीत. यांच्या नातवंडांना तेवढंही होत नाही. माझ्यावर गंज, म्यानाला वाळवी. मित्रांनो, एक लिंबू पिळायला काय जातं तुमचं?

म्यान विचारतं, त्या दुपारी घाव पडला असता तर तुला खरंच बरं वाटलं असतं? प्रेमबिम मला कळत नाही, असं मी त्याला सांगितलं. त्या दुपारी परत आत आले, तेव्हा त्याने मला जरा घट्ट धरलं होतं.

तेव्हा आज त्याला शब्द देते. म्याना, उद्या कोणी रागाने मला उपसलं, तर मी गंजाला धरून तुझ्यातच अडकून बसेन. बाहेर येणार नाही.