साडेसदतीस अंशांचा चमत्कार

उबवणी केंद्राच्या व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. अख्खी गल्ली माना उंचावून भिंतीवरच्या पडद्याकडे बघत होती. अंड्यांच्या खोलीची उष्णता: साडेसदतीस अंश. कालही साडेसदतीस, परवाही. पूर्वी खोलीतल्या उष्णता मोजणाऱ्या डबीची बॅटरी आठवडाभरात मान टाकायची. ऊर्जाबाबांनी डबीवर काळा खडा चिकटवल्यापासून बॅटरी संपायचं नाव घेत नव्हती, आणि आकडाही जागचा हलत नव्हता.

"यंत्रालाही जीव असतो," बाबा डोळे मिटून सांगत होते. "मी त्याला विश्वाच्या लहरींवर लावलंय. आता त्याला अन्न नको."

"यंत्राचं भागलं. तुम्ही मात्र बिस्किटांचा दुसरा पुडा फोडलात," केंद्राच्या मालकीणबाई, माई, म्हणाल्या.

"आई, चारचौघांत तरी..." मुलगा कुजबुजला. आकडा बघून हीटर कमीजास्त करायचं काम त्याचं. आकडा हलेना, म्हणून तोही हलेना.

माई अंडी फिरवायला आत गेल्या. पिल्लं बाहेर यायला आठवडा उरला होता. एक अंडं उचलून त्यांनी मिटलेल्या पापणीला टेकवलं. अंडं गार पडत चाललं होतं. सकाळपासून बाहेर गारठा वाढला होता. असंच चाललं तर पिल्लं कवचातच मरणार. त्यांनी हीटर वाढवला, डबी उचलली आणि तडक स्वयंपाकघरात नेऊन फ्रिजमध्ये लोण्याशेजारी ठेवली.

अर्ध्या तासाने पडद्यावर साडेसदतीस.

"फ्रिजमध्येसुद्धा ऊब!" शेजारीण गहिवरली. "केवढी ही शक्ती!"

"मग लोणी का नाही वितळलं, बाई?"

माईंनी सुनेला हाक मारली. डबीतला प्रोग्राम तिनेच लिहिला होता. तिने नखाने खडा उपटला, तर तो हातातून निसटून फ्रिजच्या दाराला खट्‌कन चिकटला.

"लोहचुंबक," सून म्हणाली. "डबी खोक्यात पडून असताना बॅटरी संपू नये म्हणून आत एक कळ असते. चुंबक जवळ असेपर्यंत डबी झोपते. मोजत नाही, कळवत नाही. पडदा आपला शेवटचा आकडा धरून बसतो."

डबी जागी झाली. पडद्यावर सहा अंश.

"शंकेखोर नजर पडली, शक्ती गेली," म्हणत बाबांनी झोळी उचलली.

"जाताना घेऊन जा. फ्रिजला चिकटलीय."

मग माई सुनेकडे वळल्या. "आणि तुझी डबी मुळात एवढी बॅटरी का खात होती गं?"

सून ओशाळली. "मी तिला झोपूच देत नव्हते. दर सेकंदाला तोच आकडा पाठवायची. मोजायला बॅटरी फारशी लागत नाही, पाठवायला लागते. आता मिनिटाला एकदा उठेल, मोजेल, फरक पडला तरच कळवेल आणि परत झोपेल."

"आणि पुन्हा कुणी कायमची झोपवली तर?"

"फरक नसला तरी तासाला एक हाक देईल. हाक चुकली की घंटा वाजेल."

"हं. हे आधी सुचायला हवं होतं."

तेवढ्यात मुलाने एका अंड्यामागे टॉर्च धरला. आत काहीतरी काळं, इवलंसं हललं. त्याने ते अंडं जपून जागेवर ठेवलं आणि दुसरं उचललं.

माई व्हरांड्यात आल्या. "पिल्लं जिवंत आहेत. आता घरी जा सगळे. आणि काही न खाता काम करणारं यंत्र कुणी दाखवलं, तर आधी ते काम करतंय का, ते बघा. आकडा मनासारखा असला तरी हात लावून तपासा. तपासल्यावरही चमत्कार खरा निघाला, तर मला बोलवा. मलाही बघायचाय."