भिंतीतला खिळा

गिरणीच्या चाळीत बाहेरून आलेल्यांच्या खोल्यांना एक नियम होता: भिंतीत खिळा ठोकायचा नाही. इथल्यांच्या भिंतींवर आरसे, घड्याळं, फळ्या. आमचं सगळं दोरीवर, नाहीतर ट्रंकेवर. माझा देवही ट्रंकेवरच बसायचा. त्याच्यापुढे दिवा लावल्याशिवाय मी सकाळी पाण्याचा घोट घेत नाही. सासूबाई रोज तो दिवा बघत आणि रोज तेच म्हणत, "ट्रंकेवरचा देव म्हणजे फलाटावरचा पाहुणा. बिचाऱ्याचा जीव कायम गाडीत."

म्हणत, ते ओठांनी. आवाज न काढता. नवी नवरी म्हणून त्या बोटीतून उतरल्या आणि थेट विणकाम खात्यात उभ्या राहिल्या. इथली भाषा कानावर पडायच्या आत मागांच्या खडखडाटानं कान नेले. पण बोलणं काही कमी झालं नाही. त्या खात्यात कुणालाच कुणाचं ऐकू येत नसे, म्हणून सगळेच ओठांनी, भुवयांनी, बोटांनी बोलत. पाण्याची खूण डोंगरातून आलेल्या बायकांनी आणलेली, धागा तुटल्याची बोटीतून आलेल्यांनी. शिव्या मात्र झाडून सगळ्या इथल्यांच्या. मीही सून होऊन बाहेरूनच आले. माझा आवाज बारीक, माहेरी सगळे "मोठ्यानं बोल" म्हणून मागे लागत. या घरात त्यानं कधी अडलं नाही. नवरा गेल्यावर आम्ही दोघीच उरलो आणि आमच्या खोलीतून भांड्यांशिवाय कसलाच आवाज येईना, पण गप्पा काही संपत नसत.

त्या वर्षी हुकूम निघाला. बाहेरून आलेल्या प्रत्येकानं सरकारी साहेबापुढे बसून इथल्या भाषेत उत्तरं द्यायची. ज्याला जमणार नाही त्याची खोलीही जाणार आणि राहायची परवानगीही. मी बाजारहाट करता करता भाषा उचलली होती, मी सुटले. सासूबाईंच्या नावापुढे फुली पडणार हे चाळीत सगळ्यांना कळून चुकलं होतं.

आमच्या खात्याचा जॉबर, म्हणजे मागांवर देखरेख करणारा, एक कागद घेऊन आला. तो इथलाच. गिरणीचं धुराडं उभं राहायच्या आधीपासून आमचं घर इथं आहे, असं दिवसातून एकदा तरी ऐकवणारा.

"वहिनी, सोपं काम आहे," तो म्हणाला. "मावशी मूकबधिर आहेत असं लिहून आणलंय. मूकबधिरांना परीक्षा माफ. घरच्या माणसाची सही लागते, तेवढी कर."

"बहिऱ्या आहेत. मुक्या नाहीत."

"साहेबाला काय फरक पडतो?"

"उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत खोटं बोलायचं नाही, असा माझा नेम आहे, भाऊजी."

त्यानं खिडकीतून उन्हाकडे पाहिलं. "मग दिवेलागणीनंतर सही कर."

मला हसू आलं. पण खोली गेली तर या वयात त्यांना घेऊन जायचं कुठं? खरं सांगायचं तर हात कागदाकडे गेलाच होता. तेवढ्यात सासूबाईंनी तो उचलला, शांतपणे घडी घातली आणि डुगडुगणाऱ्या स्टुलाच्या पायाखाली सारली.

"मुकी म्हणून राहण्यापेक्षा बोलून जाईन," त्या म्हणाल्या. "याला विचार, मी मुकी असते तर याचं लग्न कुणी जमवलं असतं?"

जॉबर तोंड फिरवून निघून गेला.

परीक्षेच्या दिवशी साहेब कचेरीत बसला होता. चांगला माणूस असावा, सासूबाईंना बसायला खुर्ची दिली. पण कागद तोंडापुढे धरून प्रश्न विचारी, त्यांना ओठ दिसणार कसे? त्यांनी खुणेनं कागद खाली करायला लावला, ओठांनी उत्तर दिलं आणि दाराकडे बोट केलं.

"काय म्हणतात?" साहेबानं मला विचारलं.

"म्हणतात, मी जिथं शिकले तिथं चला. इथं फार शांतता आहे, मला बोलता येत नाही."

साहेबाला खातं बघायचं होतंच. तो आला. आत शिरताच त्यानं काहीतरी विचारलं. त्याचा आवाज त्याच्या त्यालाही ऐकू आला नसेल. सासूबाई त्यांच्या मागापाशी उभ्या राहिल्या आणि बोलायला लागल्या. चार माग पलीकडून एकीनं उत्तर दिलं, तिसरी हसली, चौथीनं साहेबाच्या टोपीबद्दल जे सांगितलं ते मी इथं लिहीत नाही. हसणाऱ्यांत इथल्या बायकाही होत्या.

साहेबानं जॉबरला ओढतच बाहेर जिन्यात नेलं. आम्हीही मागोमाग गेलो.

"तुला हे कळतं?"

जॉबर सदऱ्याची बटणं चाचपू लागला. कळतं म्हणावं तर बाहेरच्यांची बोली आपल्या तोंडी असल्याचं कबूल होणार. सासूबाई त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि सावकाश ओठ हलवले. त्याचे कान लाल झाले.

"काय म्हणतात?"

"साहेब, ते... माझी बायको मावशींच्या समोरच्या मागावर होती. मावशींनी खुणा शिकवल्या आणि मी तिला मागणी घातली ती इथंच, माग चालू असताना. मावशी म्हणतात, तेव्हा काय बोललास ते साहेबांना सांग, नाहीतर मी सांगते." मान खाली घालून तो हसला. "सगळ्या खात्यानं वाचलं होतं."

"म्हणजे ही यांच्या देशाची भाषा?"

"नाही. यांच्या देशात कुणाला कळणार नाही."

"मग कुठली?"

जॉबरनं दाराकडे पाहिलं. आत माग धडधडत होते.

"इथलीच," तो म्हणाला. "दुसरीकडे कुठं बोलतच नाहीत, साहेब."

साहेबानं कागद जिन्याच्या कठड्यावर धरला. येते किंवा येत नाही, दोनच रकाने. शेवटी त्यानं दोन्ही सोडून खाली लिहिलं: तूर्त राहू द्यावे.

मी देवाचे आभार मानले. साहेबाचा शेरा सांगितला तेव्हा सासूबाईंनी 'तूर्त' हा शब्द माझ्या ओठांवर दोनदा वाचला.

"तूर्त? बोटीतून उतरले तेव्हापासून तूर्तच आहे. जा, जॉबरकडून हातोडा आण."

हातोडा देताना जॉबर म्हणाला, "मी दिला म्हणून सांगू नकोस."

"विचारलं तर सांगावं लागेल."

"मग दिवेलागणीनंतर ठोका, बाई."

पण सासूबाईंनी ऐकलं नाही. चोरून कशाला, म्हणाल्या. भर दुपारी त्या स्टुलावर चढल्या. कागदाच्या घडीमुळे ते मुळीच हललं नाही. पहिल्याच घावाला चुन्याचा पोपडा उडाला. चौकीदार धावत आला आणि खिडकीतून ओरडला, "कोण ठोकतंय?"

सासूबाईंनी कानाला हात लावून मान हलवली आणि दुसरा घाव घातला. यात खोटं काहीच नव्हतं. तो मला विचारू लागला. मी माझ्या बारीक आवाजात सांगितलं, "आम्ही ठोकतोय. देवाची फळी बसवतोय."

तो नियम ऐकवून निघून गेला. फळी बसली, देव वर गेला. मी दिवा लावत होते तेवढ्यात सासूबाई थबकल्या. त्यांनी तळहात भिंतीला टेकवला, मग माझा हात धरून तिथं ठेवला. शेजारच्या खोलीतही कुणीतरी खिळा ठोकत होतं.