नकाशातली वसई

शिरूरच्या शमुवेल मास्तरांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. ही गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक होती, खुद्द मास्तरांना आणि त्यांच्या बायकोला, कृपाबाईंना. बाकी शिरूरपासून न्हावऱ्यापर्यंत कुणालाही विचारा, तो छातीठोक सांगायचा की मास्तरांनी ऐन जवानीत वसईच्या किल्ल्यात दोन महिने मुक्काम ठोकला होता.

मास्तर मुळात खोटारडे नव्हते. रविवारची उपासना चुकवत नसत आणि पोरांच्या वह्या स्वतः तपासत. पण अठरा वर्षांपूर्वी विलायतेला परत निघालेल्या एका मडमेनं सामान आवरता आवरता वसईचा जुना कापडी नकाशा त्यांच्या हातात ठेवला आणि तिथून पाय घसरला. मास्तरांनी शाळेच्या मैदानावर चुन्याच्या फक्कीनं अख्खा किल्ला आखला. तट, बुरूज, जमिनीकडचा दरवाजा, दर्याकडचा दरवाजा, मध्ये बालेकिल्ला, पोर्तुगीजांची देवळं. हातात वेताची छडी घेऊन ते पोरांना त्या रेघांवरून फिरवून आणायला लागले. पहिल्याच फेरीत एका पोरानं विचारलं, "गुरुजी, तुमी बगितलंय का ह्ये समदं?" पोराचं तोंड उघडंच राहिलेलं होतं. त्या उघड्या तोंडाकडे बघून मास्तरांच्या तोंडून "हो" गेलं.

एकच अक्षर. पण त्याला दरवर्षी नवी फांदी फुटत गेली. आधी मुक्काम फुटला, मग ताजी मासळी फुटली, मग एका वादळात मास्तरांची टोपी उडाली. टोपी उडाल्याचं ऐकून तर कृपाबाई चुलीपुढून उठून बाहेर आल्या होत्या. "अहो, तुमची धाव कल्याणपर्यंत, तीसुद्धा दाढ काढायला. टोपी कुठली उडाली?" मास्तर म्हणाले, "इतिहास शिकवायचा म्हणजे थोडं मीठ लागतं." मीठ कुठून येतं तेही त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

असं ते अठरा वर्षं बरं चाललं होतं. एकोणीसशे एकोणसाठच्या जानेवारीत मात्र न्हावऱ्याचे हौशीराम सकाळच्या एसटीनं उतरून थेट शाळेत आले. त्यांचा पोपट मास्तरांचा लाडका विद्यार्थी. मॅट्रिकच्या वर्गात होता आणि नौदलात जायचं म्हणून हटून बसला होता. अर्ज भरून तयार होता, फक्त बापाचा अंगठा हवा होता. वीस तारखेच्या आत अर्ज गेला नाही तर पोपटचं वय निघून जाणार होतं.

"मास्तर," हौशीराम म्हणाले, "पोराच्या डोस्क्यात ह्यो समुद्र तुमी घातला. आमच्या सात पिढ्यांत कुनी घोड नदीच्या पल्याड पवलं न्हाई. तवा मला समुद्र दावा. तुमी सांगता तसा आसंल तर तितंच अंगठा देतो. नसंल तर पोरगं कांदं लावंल, आन् त्याला म्या सांगन, मास्तर खोटं बोललं."

नाही म्हणायला जागाच नव्हती. बातमी फुटली आणि बघता बघता आणखी सात-आठ पालक तयार झाले. मास्तर आमचे तिथले जाणकार, मग आपणही वसई बघून घेऊ, असा सगळ्यांचा हिशेब. घरी कृपाबाईंनी दशम्या बांधून दिल्या आणि म्हणाल्या, "अजून वेळ आहे, खरं सांगून टाका. येशूचा शिष्य पेत्र बुडायला लागला तो निदान पाण्यात. तुम्ही नकाशात बुडाल." मास्तरांनी गळपट्टा घट्ट केला आणि तेवढंच उत्तर दिलं.

एसटीनं दौंड, दौंडहून रेल्वे, मुंबईत गाडी बदलून रात्रीच्या काळोखात वसई रोड, तिथे धर्मशाळेत मुक्काम आणि सकाळी तीन टांगे करून मंडळी किल्ल्याशी पोचली. दरवाजा दिसला तसे मास्तर टांग्यातून सगळ्यांच्या शेवटी उतरले. मग त्यांच्या लक्षात आलं, हा दरवाजा आपल्याला पाठ आहे! नकाशात दाखवलं होतं तसंच आत शिरल्यावर वळण होतं. मास्तरांना इतका आनंद झाला की त्यांनी भिंतीवर दोनदा हात फिरवला. आजवर आपण जे शिकवलं ते खरोखर कुठेतरी आहे, याचं त्यांना सगळ्यांत जास्त नवल वाटलं. पण तसं दाखवण्याची सोय नव्हती.

त्यांनी छडी उचलली. "या बाजूनं या. चिमाजी आप्पांच्या फौजेनं सतराशे एकोणचाळीस साली हा किल्ला घेतला. आता दहा पावलांवर डाव्या हाताला मोठं देऊळ लागेल."

दहा पावलं झाली. शंभर झाली. देऊळ काही येईना. शाळेच्या मैदानावर संपूर्ण वसई, किल्ला पडण्यासकट, सात मिनिटांत उरकत असे. इथं माड होते, करवंदीच्या जाळ्या होत्या, एक म्हैस रस्ता अडवून रवंथ करत होती, आणि यातलं काहीच नकाशात नव्हतं. मास्तरांनी म्हशीला वळसा घातला तो नेमका चुकीच्या बाजूनं, आणि सगळी दिंडी एका विहिरीवर जाऊन थांबली.

"ही विहीर..." मास्तर म्हणाले.

"पोर्तुगीजांची?" एकानं अदबीनं विचारलं.

"त्यांचीच," मास्तर म्हणाले. विहिरीवरचा माळी काहीतरी बोलणार होता, पण मास्तरांनी मंडळींना पुढे घातलं.

अर्ध्या तासानं बिनछपराचं देऊळ सापडलं, बालेकिल्ला सापडला. मास्तरांना पुन्हा अवसान आलं. आवाज चढला. लोक माना डोलवत होते, हौशीरामांची बायको धुरपदा तर प्रत्येक कमानीला नमस्कार करत होती. हौशीराम मात्र तटापलीकडे नजर लावून चालत होते. त्यांना दगड बघायचे नव्हते. शेवटी दर्याकडचा दरवाजा आला. मास्तर बाजूला झाले, छडी आडवी धरली आणि वर्गात म्हणत तस्सं म्हणाले, "आणि या दरवाजातून बाहेर पडलं की नजर पोचेल तिथवर पाणीच पाणी!"

मंडळी बाहेर पडली. समोर चिखल होता. नजर पोचेल तिथवर चिखल. त्यात होड्या कुशीवर पडलेल्या आणि पार लांब पाण्याची एक बारीक रेघ.

हौशीरामांनी हळूच विचारलं, "मास्तर, समुद्र कुटं हाय?"

मास्तरांनी आडवी धरलेली छडी खाली घेतली. मदतीला धावली ती धुरपदा. तिचं माहेर पाटसचं, कालव्याखालचं. तिला कालव्याची अशी कोरडी चारी नवी नव्हती. ती म्हणाली, "आवं, पाणी सुटलं नसंल आज. पाटकऱ्यानं दार उघडलं न्हाई म्हंजी असंच दिसतंय."

"बरोबर," मास्तर म्हणाले. बुडत्याला काडीचा आधार! "आज सोडलेलं नाही."

हे वाक्य आपण बोललो हे आठवून मास्तर पुढे कितीतरी वर्षं अंथरुणात कूस बदलत असत. कारण भूगोलाच्या पुस्तकात चंद्र आणि समुद्र यांचा धडा होता. तो त्यांनी अठरा वर्षं शिकवला होता. न येणाऱ्याला त्यांनी छडी दिली होती. ओहोटी म्हणजे काय, हे झोपेत विचारलं असतं तरी त्यांनी घडाघडा सांगितलं असतं. पण ती ओहोटी स्वतः समोर येऊन पसरली, तेव्हा त्यांनी तिला ओळखलं नाही. पुस्तकात तिला वास नव्हता.

मंडळींना भूक लागली होती. वर ऊन, खाली होड्यांची सावली. खडखडीत कोरड्या नदीत बसून जेवायची सवय सगळ्यांनाच होती. चिखलातल्या जरा टणक वाळूच्या पट्ट्यावरून सगळे चालत गेले, एका मोठ्या होडीच्या सावलीला बसले, चपला बाजूला काढल्या, फडकी सोडली. भाकरी, ठेचा, कांदा. हौशीरामांनी बुक्कीनं कांदा फोडला आणि म्हणाले, "ह्यात माझं पोरगं काय जहाज चालिवनार? नांगूर तरी चालंल का?" लोक हसले. मास्तरही हसले. हातातला घास मात्र त्यांनी परत फडक्यावर ठेवला. पोपट खिडकीजवळच्या बाकावर बसून टोपी उडाल्याची गोष्ट ऐकायचा, ते त्यांना आठवत होतं.

तेवढ्यात किनाऱ्यावरून एक कोळीण ओरडायला लागली. टोपली खाली टाकून दोन्ही हात हलवत होती. "उठा! उठा रे! पानी आलं!"

मास्तरांनी मान वळवली. मागच्या बाजूनं पाणी येत होतं. लाट नाही, गर्जना नाही, सांडलेलं दूध पाटावर पसरावं तसं गुपचूप. धुरपदाच्या भाकरीचं फडकं उचललं गेलं आणि आपणहून चालायला लागलं. मग जी पळापळ झाली ती काय सांगावी! मास्तर गुडघाभर चिखलात रुतले. त्यांची छडी गेली, धोतराचा काष्टा सुटला, आणि त्यांना बखोटीला धरून ओढत बाहेर काढलं ते हौशीरामांनी. कोळणीनं सगळ्यांना मोजलं, आणि कुणी राहिलं नाही अशी खात्री झाल्यावर मनसोक्त शिव्या घातल्या.

बाकीचे कपडे पिळायला विहिरीवर गेले. मास्तर आणि हौशीराम दरवाज्याच्या पायरीवर बसले. पाणी चढत होतं. कुशीवर पडलेल्या होड्या एकेक करून उठून उभ्या राहत होत्या. कुणी हात लावत नव्हतं आणि तेवढं वजन आपसूक उठत होतं. मास्तर बघत राहिले. त्यांना रडू आलं. अठरा वर्षांत यातलं त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं.

"हौशीराम," ते म्हणाले, "मी हे आज पहिल्यांदा बघतोय."

"काय?"

"समुद्र. वसई. सगळंच. मी कधीच आलो नव्हतो. नकाशा बघून सांगत होतो."

हौशीराम पटका पिळता पिळता थांबले. "मासळी?"

"नाही."

"टोपी?"

"तीही नाही. तुमच्या पोराला मी खोटं सांगितलं. तुम्ही अर्ज फाडा, मी एक शब्द बोलणार नाही."

हौशीरामांनी पटका पुन्हा पिळला, झटकला, मांडीवर ठेवला. मग विचारलं, "ह्ये पानी रोज येतं?"

"दिवसातून दोनदा. पुस्तकात आहे."

"मंग तुमास्नी वळखलं का न्हाई?"

मास्तर गुडघ्यावरचा चिखल खरवडू लागले. हौशीरामांनी हात पुढे केला. "काढा त्यो कागद."

मास्तरांच्या कोटाच्या आतल्या खिशातला पोपटचा अर्ज कोरडा राहिला होता. आता तो फाटणार, म्हणून मास्तरांनी नजर वळवली. पण हौशीराम मास्तरांच्या खिशातल्या फाउंटन पेनकडे बोट दाखवत म्हणाले, "शाई लावा अंगठ्याला. तुमी चांगलं मानूस हाय, मास्तर, तुमचा राग न्हाई. पर पोरगं तुमच्यावर गेलंय. घरी ठिवलं तर तुमच्यावानीच हुईल. जलमभर फक्कीच्या रेघंवर चालंल आन् लोकास्नी सांगंल, म्या बगून आलो. त्यापरीस जाऊ द्या त्याला."

मास्तरांना ते लागलं. खोल लागलं. आणि त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं, म्हणून राग कुणावर काढावा हेही कळेना. त्यांनी हौशीरामांच्या अंगठ्याला शाई चोळली. हौशीरामांनी अंगठा असा दाबला की कागदाला खळगा पडला.

ठशाच्या खाली 'माझ्या समक्ष' असं छापलेलं होतं आणि सहीला जागा होती. मास्तरांनी तिथे सही केली. ही गोष्ट तरी त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती.